शेजाऱ्याचा मासा

“मग जंगमअण्णांची जागा कुणाच्या परवान्यावर लिहायची, बाबा?”

बजरंग शेवाळेनं हे विचारलं तेव्हा इमामबाबा परातीत आमिषाचा गोळा मळत होते. कणीक, शेंगदाण्याची पेंड, वरून चिमूटभर बडीशेप.

बाबांनी गोळा नाकाशी नेला, हुंगला आणि परत परातीत टाकला.

“बाबा, मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं.”

“मग?”

“बडीशेप कमी पडली…”

घ्या! आता ह्याच्यावर माणसानं बोलावं तरी काय? बजरंगनं मुकाट्यानं बडीशेपेची पुडी पुढं केली. ती पुडीसुद्धा त्यानंच तालुक्याहून आणली होती.

हे इमामबाबा म्हणजे पीराच्या तलावाकाठच्या दर्ग्याचे मुजावर. सकाळी दर्ग्यात झाडलोट करायची, ऊद जाळायचा, आणि मग गळ घेऊन पाण्याशी जाऊन बसायचं, हा त्यांचा जन्माचा क्रम. आसपासच्या गावांत ज्याला ज्याला म्हणून गळानं मासे धरायचा नाद लागला, तो कधी ना कधी बाबांच्या पायाशी येऊन बसलेला. पोटापाण्यासाठी मासेमारी करणारे खाली नदीवर जाळी टाकायचे. तलावावर फक्त हौशी माणसं, आणि तीही परवाना काढलेली.

परवाना तलाव समिती द्यायची. पण कुणी कुठं बसायचं ते बाबा सांगायचे, आणि समिती ते निमूट परवान्यावर लिहायची.

बांधावर नियमांची पाटी होती. पावसाळ्यात तलाव बंद, कारण तेव्हा माशांच्या पोटात अंडी असतात. एका माणसाला एकच काठी, एका काठीला एकच गळ. धरलेला मासा पट्टीवरच्या खाचेपर्यंत भरला तर घरी न्यायचा. नाही भरला तर हात ओला करून परत पाण्यात सोडायचा.

इथवर चार ठिकाणी असतं तसंच. पण पीराच्या तलावावर आणखी एक रीत होती, आणि ती पाटीवर लिहिलेली नव्हती.

आपला मासा आपण मापायचा नाही. शेजाऱ्यानं मापायचा.

शेजारी ‘पुरा’ म्हणाला की पुरा, ‘कमी’ म्हणाला की कमी. ज्याचा मासा त्यानं चकार शब्द काढायचा नाही. आणि कुणी खोटं मापलं असं ठरलं, तर त्या हंगामापुरता त्याचा परवाना गेला.

म्हणून तर तिथं शेजाराला एवढी किंमत.

बाबांच्या बसायच्या दगडाला लागून उजव्या हाताला एक रुंद, सपाट खडक होता. तिथं जंगमअण्णा बसायचे. बाबांचे मासे अण्णा मापायचे, अण्णांचे बाबा. दोघं म्हातारे दिवसभरात चार वाक्यं बोलत नसत, पण ती चार वाक्यं ऐकायला लोक कान टवकारून असायचे. उन्हाळ्यात अण्णा गेले आणि खडक रिकामा झाला.

त्या खडकावर बजरंगचा जीव अडकला होता.

बजरंगचं तालुक्याला बॅटऱ्यांचं दुकान. माणूस कष्टाळू, सचोटीचा, आणि नियमांच्या बाबतीत तर विचारूच नका. पाटी तोंडपाठ. कुणाच्या काठीला दोन गळ दिसले की हा लांबून हाक मारणार. कुणी कोरड्या हातानं मासा सोडला की हा धावत जाऊन त्याला चार शब्द ऐकवणार. इतक्या वर्षांत त्याच्याकडं कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

बाबांच्या टॉर्चचे सेल हा आणायचा. तंबाखू हा आणायचा. बाबांचा पाय मुरगळला तेव्हा दुकान बंद ठेवून ह्यानं तेल चोळलं होतं. तेव्हा अण्णांच्या मागं जागा आपलीच, हे त्यानं मनाशी धरूनच ठेवलं होतं.

आणि मग पोतनीस आले.

पोतनीस पोस्टमास्तर. कुठूनशी बदली होऊन गेल्या हंगामाच्या अगदी शेवटी तलावावर उगवले. सीकेपी माणूस. मासे खाण्यात हयात गेलेली, धरण्याचा मात्र गंध नाही. पहिल्याच दिवशी गळ फेकायला गेले आणि स्वतःचीच टोपी उडवून पाण्यात नेऊन टाकली.

“बाबा,” पोतनीस ओरडले, “टोपी मापात बसते का बघा! नाहीतर सोडून देतो!”

आणि इमामबाबा हसले.

गालातल्या गालात नव्हे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, गुडघ्यावर थाप मारून हसले.

बजरंग पलीकडं बसून बघत होता. इतकी वर्षं सेल आणले, तंबाखू आणली, तेल चोळलं… बाबा त्याच्यापुढं कधी असे हसले नव्हते. एकदासुद्धा नाही.

त्या दिवशी घरी ताट तसंच राहिलं.

“जेवत का नाही?” बायकोनं विचारलं.

“पोतनीस आज बाबांना लागून बसला होता. एका बशीत चहा प्याले दोघं.”

“ते चहा प्याले, तर तुम्ही का उपाशी?”

ह्या बायकांना काही म्हणजे काही कळत नाही, असं म्हणून बजरंग हात धुऊन उठला.

पोतनिसांना त्या चार दिवसांत मासे लागले ते सगळे बोटाएवढे. मापायची पट्टी काढायचीही गरज पडली नाही. नुसतं बघायचं आणि सोडायचं. तरी गडी खूश! मासा लागला तरी हसतोय, सुटला तरी हसतोय. मग तलाव बंद झाला आणि बजरंगला वाटलं, चला, तीन महिने तरी हा माणूस डोळ्यांसमोर नको.

कसलं काय! श्रावणात पोतनीस दुकानात आले.

“टॉर्चचे सेल द्या हो, बजरंगराव. काल दर्ग्यातून यायला अंधार झाला.”

“दर्ग्यात? तलाव तर बंद आहे.”

“तलाव बंद आहे, बाबा थोडेच बंद आहेत? चहा पाजला, गप्पा झाल्या.”

बजरंगच्या हातातले सेल हातातच राहिले. पावसाळ्यात बाबा एकटे असतात, त्यांना कुणी त्रास द्यायचा नाही, असं त्याला वाटायचं. आजवर एकाही पावसाळ्यात तो दर्ग्याची पायरी चढला नव्हता.

“पावसाळ्यात बाबांकडं कुणी जात नसतं,” तो म्हणाला.

“असं? मला कुणी सांगितलंच नाही.”

आणि सेल घेऊन गेले की शीळ घालत! बजरंगच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. न जाण्याची सक्ती त्याच्यावरही कुणी केली नव्हती, हे त्याला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं. त्यानं झोप आणखीच गेली.

तर आज तलाव उघडायचा दिवस. घट बसून दोन दिवस झालेले, ऊन पडलेलं, पाणी काठोकाठ आणि निवळशंख. सगळे आपापले नवे परवाने खिशात घालून आलेले. जागा सगळ्यांच्या ठरल्या होत्या, फक्त दोघांच्या परवान्यांवर ती ओळ कोरी होती. बजरंगच्या आणि पोतनिसांच्या.

आमिष मळून झालं. बाबांनी दर्ग्यात फातिहा वाचला आणि दारात उभं राहून मलिदा वाटला. बजरंगनं ओंजळ पुढं केली. मूठभर मलिदा पडला. मागं पोतनीस होते. बजरंग पुढं सरकला नाही. तिथंच घुटमळून त्यानं पोतनिसांच्या ओंजळीत वाकून पाहिलं.

मूठभरच होता. की जरा जास्त?

“संध्याकाळी सांगतो जागेचं,” बाबा म्हणाले. “आज तुम्ही दोघं करंजाखाली बसा. शेजारी शेजारी.”

“म्हणजे ह्यांचे मासे मी मापायचे?” बजरंगनं विचारलं.

“आणि तुझे ह्यानं.”

“ह्यांना मापता येतं का?”

बाबांनी हातावरचा मलिदा तोंडात टाकला.

“तुला येतं ना…” ते म्हणाले आणि आपल्या दगडाकडं निघून गेले.

करंजाखाली दोघं बसले. बजरंगनं नवी काठी जोडली, दोरी सारखी केली, आमिष लावलं, गळ टाकला. सगळं कसं जिथल्या तिथं. पोतनिसांनी पिशवीतून आधी डबा काढला.

“खोबऱ्याची वडी घ्या. आमच्या हिनं केलीय.”

“गळ टाकलाय मी.”

“मग डाव्या हातानं घ्या.”

बजरंगनं घेतली नाही. संध्याकाळ व्हायला अख्खा दिवस होता आणि त्याला एवढंच ठाऊक होतं, की आज ह्या माणसापेक्षा आपण सरस दिसलो पाहिजे. बाबांच्या मनात काय आहे कुणास ठाऊक, पण मापाचा पहिला मासा आपला निघाला तर बाबांना नाही कसं म्हणता येईल?

आणि झालं भलतंच. पोतनीस वडी चघळत होते, काठी मांडीवर आडवी पडली होती, आणि मासा लागला तो त्यांनाच!

“अहो! अहो बजरंगराव! ओढतोय की हो!”

“काठी वर धरा. ओढू नका. दमू द्या त्याला.”

हे बजरंग सवयीनं बोलून गेला. बोलल्यावर त्याला स्वतःचाच राग आला.

रोहू होता. पाण्याबाहेर आला तसा उन्हात चकाकला. पोतनिसांनी हात ओले करून त्याला ओल्या गोणपाटावर ठेवलं आणि लहान पोरासारखे बजरंगच्या तोंडाकडं बघत राहिले.

बजरंगनं पट्टी काढली.

मासा मापायचा म्हणजे तोंड पट्टीच्या टोकाला टेकवायचं आणि शेपटीची दोन्ही पाती चिमटीत मिटवून धरायची. मिटवली की शेपटी लांब होते आणि मासा बोटभर जास्त भरतो. पसरून ठेवली तर तेवढाच कमी. तलावावर पहिल्यापासून मिटवूनच मापायचे. बजरंगनं आजवर शेकड्यानं मासे मापले होते, सगळे असेच.

त्यानं शेपटी मिटवली. खाचेच्या पुढं नखभर गेली.

पुरा होता.

पोतनिसांचा पहिला मापाचा मासा. हंगामाचा पहिला दिवस. आता हा बोंब मारत बाबांकडं जाणार. बाबा गुडघ्यावर थाप मारणार. आणि संध्याकाळी खडक…

बजरंगची चिमूट सुटली. बोटं शेपटीवरून बाजूला झाली, आणि मग त्याच बोटांनी ती पाती दोन्हीकडं नीट पसरली. शेपटी खाचेच्या अलीकडं आली.

पोतनीस वाकून बघत होते.

“कमी आहे,” बजरंग म्हणाला.

“अरेरे,” पोतनीस म्हणाले, आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. शब्द काढायचा नसतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.

मासा उचलून ते पाण्याशी गेले. दोन्ही हातांत धरून त्याला जरा वेळ पाण्यात हलवला, आणि सोडला.

“जा राजा. जेवून खाऊन ये.”

परत येऊन बसले आणि गुणगुणायला लागले!

बजरंगला वाटलं होतं आता जरा बरं वाटेल. छे. आतली आग होती तशीच. उलट हा माणूस एवढा मासा गेला तरी गातो कसा, ह्यानं ती वाढलीच. चिडावं ना जरा! तोंड वाकडं करावं! ह्याच्या जागी आपण असतो तर दोन दिवस बोललो नसतो.

ऊन डोक्यावर आलं. कलायला लागलं.

मग बजरंगच्या गळाला कटला लागला.

काठी वाकली, दोरी पाणी कापत गेली. बजरंगनं त्याला खेळवला, दमवला, काठाशी आणला. डोक्यानं दांडगा, अंगानं रुपेरी. गोणपाटावर ठेवतानाच बजरंगच्या नजरेला माप लागलं. पुरा. थोडक्यात, पण पुरा. त्याचा ऊर भरून आला. पहिला मासा मापाचा निघाला, आणि तो आपलाच.

“मापा,” तो म्हणाला.

पोतनीस गुडघ्यांवर बसले. पट्टी लावली, तोंड टेकवलं. मग जीभ दातांत धरून, कागदाची घडी उलगडावी तशी, त्यांनी दोन्ही हातांनी कटल्याची शेपटी हळूच पसरली.

“कमी आहे हो, बजरंगराव… माफ करा.”

“काय?”

“नखभर कमी पडतोय.”

“नीट माप!”

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मापावर बोललेलं ह्या काठावर कुणी ऐकलं नव्हतं. आणि बोलणारा कोण, तर बजरंग शेवाळे!

“सूड उगवतोस काय?” बजरंगचा आवाज चढला. “सकाळचा डाव साधतोस?”

“सकाळचा? सकाळी काय झालं?”

बजरंगनं कटला पाण्यानं भरलेल्या बादलीत टाकला आणि बादली उचलून तरातरा निघाला. पाणी डुचमळून पायावर सांडत होतं. मागून पोतनीस पट्टी हातात घेऊन जवळजवळ पळत होते.

इमामबाबा आपल्या दगडावर बसले होते. नजर पाण्यावर.

“बाबा! ह्यानं खोटं मापलं. रीतीप्रमाणं ह्याचा परवाना गेला पाहिजे!”

बाबांनी मान वळवली नाही.

“मापावर बोललास?”

“बोललो. डोळ्यांदेखत अन्याय झाला तर माणसानं बोलू नये?”

“हं…”

बाबांनी काठी बाजूला ठेवली, बादलीत डोकावून पाहिलं आणि पोतनिसांना खूण केली.

“पुन्हा माप.”

पोतनिसांनी कटला काढला, पट्टीवर ठेवला, जीभ दातांत धरली आणि मघासारखीच शेपटी पसरली. बाबा बघत होते. मग म्हणाले,

“परत पाण्यात ठेव त्याला… शेपटी अशी का पसरलीस?”

“अशीच पसरतात ना?”

“कुणी शिकवलं?”

“बजरंगरावांनी,” पोतनीस म्हणाले. “म्हणजे तोंडानं नाही शिकवलं. सकाळी माझा रोहू मापला ना त्यांनी, तेव्हा अगदी जवळून बघून ठेवलं. म्हटलं, ह्यांच्याइतका नियमाचा पक्का माणूस अख्ख्या तलावावर नाही. शिकायचं तर ह्यांच्याकडूनच.”



बादलीत कटल्यानं शेपूट आपटली, तेवढाच आवाज.

बाबांनी बजरंगकडं पाहिलं. रागानं नाही, काही नाही. नुसतं पाहिलं आणि वाट बघत राहिले…

पोतनिसांनी एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं. आपलं काहीतरी चुकलंय, एवढं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून परवाना काढला.

“चूक झाली असेल तर हा घ्या, बाबा. मी काय, नवीन माणूस. पुढच्या सालाला पुन्हा काढीन. बजरंगरावांचा मासा मात्र त्यांना देऊन टाका. एवढा छान मासा आहे.”

आता बघा. बजरंगला काहीही करायचं नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं. परवाना बाबांच्या हातात पडला की पोतनीस हंगामभर तलावावर दिसणार नव्हते. खडक मोकळा. मासाही आपला. उन्हाळ्यापासून रात्र रात्र जागून जे मागितलं, ते दोन बोटांवर येऊन ठेपलं होतं.

पण तो पुढं केलेला कागद बघून बजरंगला गप्प राहवेना. आणि ती दया नव्हती, खोटं कशाला सांगा. तो शुद्ध मत्सर होता.

बाबांचं हसू ह्यानं नेलं. पावसाळ्यातला चहा ह्यानं नेला. आता मोठेपणासुद्धा ह्यालाच? आणि तोही माझ्या चुकीवर?

“ठेव तो खिशात!” बजरंग ओरडला. “ती चूक माझी आहे!”

पोतनीस दचकले.

“शेपटी मिटवून धरायची असते,” बजरंग म्हणाला. शब्द खडे थुंकावेत तसे येत होते. “पहिल्यापासून. सगळेच मिटवून धरतात. सकाळी… सकाळी मी पसरली. मुद्दाम.”

“म्हणजे…” पोतनिसांना समजायला जरा वेळ लागला. “म्हणजे माझा रोहू पुरा होता?”

“होता.”

“खाचेपर्यंत?”

“खाचेच्या पुढं. नखभर.”

बजरंग मान खाली घालून उभा राहिला. आता बोल म्हणावं. आता तरी चीड. चार लोकांत लाज काढ माझी.

पोतनिसांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“पुरा होता!” ते बाबांकडं वळून म्हणाले. “बाबा, पुरा होता हो! मी धरला! मापाचा मासा धरला मी!”

बाबा हसले. गुडघ्यावर थाप मारून, अगदी तसेच.

बजरंगनं डोळे मिटून घेतले.

हसणं ओसरलं तसा बाबांनी हात पुढं केला. पोतनिसांपुढं नव्हे. बजरंगनं खिशातून आपला परवाना काढला आणि त्या हातावर ठेवला. बाबांनी त्याची घडी घातली, कफनीच्या खिशात टाकली.

“आणि मासा?” बाबांनी विचारलं.

“मासा पुरा आहे, बाबा. तुम्हीसुद्धा बघितलाय.”

“शेजारी काय म्हणाला?”



“…कमी.”

“मग?”

बजरंगनं हात ओले केले. कटल्याला बादलीतून काढून पाण्यात धरला. मासा जरा वेळ तसाच राहिला, कल्ले हलवत. मग हातांतून निसटला आणि हिरव्या पाण्यात खाली खाली जाऊन दिसेनासा झाला.

“अरेरे,” पोतनीस म्हणाले, आणि ह्या खेपेला त्यांनी तोंडावर हात ठेवला नाही.

बजरंग ताठ उभा राहिला. हात गळत होते. काठी आवरावी, घरी जावं, हंगामभर इकडं फिरकू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. पण पाय निघेनात. एक गोष्ट विचारल्याशिवाय त्याला जाववेना. माणूस बुडाला तरी आतली आग विझत नाही, काय करणार!

“मग खडक ह्यांना देणार का, बाबा?”

बाबांनी काठी पुन्हा हातात घेतली. जंगमअण्णांच्या खडकाकडं बोट केलं.

“बस.”

पोतनीस पुढं सरकले.

“तू नाही. तो.”

बजरंगला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“मी?”

“मग सकाळपासून दुसरं कोण मागत होतं?”

“पण माझा परवाना… तो तर तुमच्या खिशात.”

“परवाना गळ टाकायला लागतो. बसायला लागत नाही. मापायलाही नाही.” बाबांनी पोतनिसांना हातानंच पलीकडची जागा दाखवली, खडकाच्या उजव्या बाजूची. “तू तिथं. तुझे मासे हा मापेल. माझे पण हाच.”

“फार छान झालं!” पोतनीस म्हणाले आणि आपली काठी आणायला करंजाकडं गेले.

बजरंग खडकावर बसला.

किती दिवसांची इच्छा! उन्हानं खडक तापला होता. इथून तलाव केवढा मोठा दिसत होता. बाबा इतके जवळ, की त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. बाबांनी गळ टाकला. पोतनीस आले, पलीकडं टेकले, त्यांनीही टाकला. पाण्यावर दोऱ्यांना बांधलेली दोन बुचं तरंगायला लागली. एक डावीकडं, एक उजवीकडं.

मधे बजरंग. मांडीवर पट्टी, हात रिकामे.

त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले. मग काखेत घातले. मग पुन्हा गुडघ्यांवर.

पोतनिसांनी डबा उघडून वडी पुढं केली. बजरंगनं ह्या वेळी ती घेतली, पण खाल्ली नाही. हातात धरून ठेवली. पोतनीस दुसरीकडं बघत गुणगुणायला लागले, काठी मांडीवर आडवी टाकून.

बराच वेळ गेला…

“बाबा.”

“हं.”

“अख्खा हंगाम आहे. गळाशिवाय मी इथं बसून करू तरी काय?”

बाबांनी पोतनिसांच्या बुचाकडं बोट केलं. मग हळूच म्हणाले,

“त्याच्या बुचाकडं बघत राहा. बुडालं, की त्याच्या आधी तू ओरड.”